खिशाला झेपेल असं सिंगापूर: पहिल्यांदा सॅक घेऊन निघणाऱ्यांसाठी

सिंगापूरचं नाव काढलं की ओळखीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "तिकडे पाण्याची बाटलीसुद्धा शंभर-दीडशे रुपयांना पडते, त्यापेक्षा पॅकेज घे." बाटली महाग आहे हे खरं. पण तिथली माणसं बाटली विकत घेतच नाहीत. ती नळाचं पाणी पितात, आणि ते सरळ पिण्याजोगं असतं.

बाकी खर्चाचंही असंच आहे. दारू, सिगारेट, टॅक्सी, हॉटेलची खोली आणि पर्यटकांसाठी उभारलेल्या जागा महाग आहेत. मेट्रो, बस, हॉकर सेंटरमधलं (एका छपराखालच्या स्टॉलांवरचं) जेवण, बागा, टेकड्या, समुद्रकिनारा, म्हणजे तिथल्या नोकरदार माणसाला रोज जे लागतं, ते सरकारने मुद्दाम आवाक्यात ठेवलंय. तुम्ही चार-पाच दिवस त्या नोकरदार माणसासारखे वागलात, की सिंगापूर झेपतं. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

१. आधी खर्चाचा अंदाज घ्या

एक सिंगापूर डॉलर म्हणजे साधारण सत्तरच्या आसपास रुपये. विमान आणि व्हिसा सोडून रोजचा हिशोब असा धरा: डॉर्ममधला (हॉस्टेलच्या सामाईक खोलीतला) बिछाना ३० ते ४० डॉलर, तीन वेळचं खाणं आणि चहा-कॉफी १५ ते १८ डॉलर, बस-मेट्रो ५ ते ६ डॉलर, वरखर्च ५ डॉलर. म्हणजे ५५ ते ७० डॉलर. आपल्या पैशात पावणेचार ते पाच हजार रुपये.

यात राहण्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे, म्हणून तारखा ठरवताना खरी बचत होते. फॉर्म्युला वन शर्यतीचा आठवडा, चिनी नववर्ष आणि डिसेंबरची अखेर टाळा. त्या दिवसांत त्याच बिछान्याचे दुप्पट पैसे मागतात. पावसाची फार चिंता करू नका. विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावरचं शहर आहे, पाऊस वर्षभर येतो आणि बहुतेकदा तासाभरात जातो. नोव्हेंबर ते जानेवारी मात्र जोर जास्त असतो.

मुंबईहून थेट विमानाला साडेपाच तास लागतात. तिकीट फारच महाग दिसलं तर चेन्नई, तिरुचिरापल्ली किंवा कोइम्बतूरहून काय भाव आहे तेही पाहा. तिथून कमी दराच्या विमान कंपन्या थेट जातात आणि देशांतर्गत रेल्वेचं भाडं धरूनही कधीकधी स्वस्त पडतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो वळसा परवडतो का, हे हातात सुट्टी किती आहे त्यावर ठरवा.

२. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो, आणि तो तिथे पोचल्यावर मिळत नाही. आपल्याकडे अर्ज अधिकृत एजंटांमार्फतच जातो. त्यांची यादी सिंगापूरच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर आहे, तिथूनच निवडा. सरकारी शुल्क ३० डॉलर आहे आणि ते परत मिळत नाही. त्यावर एजंट स्वतःचं शुल्क लावतो, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. दोन-तीन ठिकाणी विचारा. "पॅकेज घेतलं तरच व्हिसा करू" असं म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

हे जमवून ठेवा:

- परतीच्या तारखेनंतरही मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट. सिंगापुरात शिरताना निदान सहा महिने मुदत हवी
- १४ए नावाचा अर्ज, भरून आणि सही करून
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा अलीकडचा फोटो
- जाण्या-येण्याचं तिकीट
- राहण्याचं बुकिंग, सगळ्या रात्रींचं
- बँकेचं अलीकडच्या महिन्यांचं विवरण
- नोकरी असेल तर कार्यालयाचं रजेचं पत्र, शिकत असाल तर कॉलेजचं

शेवटचे दोन कागद एजंटनुसार कमी-जास्त होतात. अर्ज जाण्याच्या तीन-चार आठवडे आधी करा. त्याच्या फार आधी तो घेतही नाहीत.

इथे एक सापळा आहे. बऱ्याच जणांना वाटतं, सिंगापूरला आलोच आहोत तर पलीकडचं मलेशियातलं जोहोर बाहरूही बघून येऊ. पूल ओलांडला की तिकडे खाणं-पिणं खूपच स्वस्त. पण परत येताना तुम्ही सिंगापुरात पुन्हा प्रवेश करत असता. तुमच्या व्हिसावर एकाहून जास्त प्रवेशांची परवानगी लिहिली आहे ना, हे वाचल्याशिवाय पूल ओलांडू नका.

व्हिसा हातात आल्यावरही एक काम उरतं, ते म्हणजे आगमन कार्ड. पोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत हे ऑनलाइन भरायचं असतं. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ॲपवर ते फुकट भरता येतं. गूगलवर शोधलं की अगदी सरकारी वाटणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं वर येतात. कुणी कार्डासाठी पैसे मागितले, तर जागा चुकली आहे असं समजा.

विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसत नाही. किती दिवस राहायची परवानगी मिळाली ते ईमेलवर येतं. तो ईमेल उघडून तारीख वाचा. व्हिसाची मुदत आणि राहण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मुदतीपेक्षा जास्त राहणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे.

३. सॅकमध्ये काय हवं, काय अजिबात नको

हवं ते थोडं आहे: पाण्याची बाटली, छोटी छत्री, सुती कपडे, चालून रुळलेले बूट (नवे नेऊ नका, पायाला फोड येतील), चौकोनी तीन पिनांच्या प्लगसाठी अडॅप्टर, डॉर्मच्या लॉकरसाठी छोटं कुलूप आणि एक पातळ जॅकेट. बाहेर उकाडा असतो, पण मॉल आणि बसमध्ये हुडहुडी भरेल इतका एसी असतो.

काय न्यायचं नाही, हे मात्र नीट वाचा. गुटखा, जर्दा, खैनी, तंबाखूची पुडी, व्हेप आणि च्युइंग गम यांतलं काहीही नेऊ नका. सिगारेटला तिथे करमुक्त सवलत नाही, एक पाकीट असलं तरी जाहीर करून कर भरावा लागतो. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर आधी परवानगीचे नियम बघा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. अमली पदार्थांना तिथे फाशीपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्या कुणाची बंद पिशवी "फक्त पोचव" म्हणून घेऊ नका, मागणारा कितीही जवळचा असला तरी.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. खसखशीवर सिंगापुरात कडक निर्बंध आहेत. आईने प्रेमाने अनारसे किंवा खसखस लावलेले लाडू डब्यात भरले असतील, तर ते घरीच ठेवा. दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी असा कोरडा शाकाहारी खाऊ थोडाफार नेता येतो. मांस-अंड्याचे पदार्थ नकोत.

४. राहायची जागा

लिटल इंडिया, चायनाटाउन, काम्पोंग ग्लाम आणि लॅव्हेंडर या चार भागांत बहुतेक हॉस्टेलं आहेत. जुन्या दुमजली दुकानघरांच्या वरच्या मजल्यावर ती असतात. खाली कोनाड्यात दुकान, वर रंगीत झडपांच्या खिडक्या. जिने अरुंद असतात, त्यामुळे चाकांच्या बॅगेपेक्षा सॅक बरी. बहुतेक ठिकाणी फक्त बायकांसाठी वेगळं डॉर्म मिळतं, तेवढंच बुक करायचं असेल तर पैसे जवळपास सारखेच पडतात.

मला स्वतःला लिटल इंडिया आवडतं. मेट्रो जवळ, शाकाहारी जेवण पायाखाली, रात्री उशिरापर्यंत जाग. रविवारी संध्याकाळी तिथे तुफान गर्दी असते, कारण भारत आणि बांगलादेशातून आलेल्या कामगारांचा तो सुट्टीचा दिवस. गर्दीला घाबरण्यासारखं काही नाही, फक्त त्या वेळी सॅक घेऊन तिथे पोचायचं टाळा. गेलांगमधली हॉस्टेलं स्वस्त दिसतात, पण त्यातल्या काही गल्ल्या वेश्यावस्तीच्या आहेत. नकाशा आणि अभिप्राय वाचून ठरवा.

आता सर्वांत मोठा सापळा. नेटवर कुणाच्या तरी फ्लॅटमधली खोली चार रात्रींसाठी स्वस्तात दिसेल. घेऊ नका. सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि सरकारी गृहनिर्माणाच्या घरांना ही मर्यादा सहा महिन्यांची आहे. पैसे बुडतातच, शिवाय राहण्याचा पत्ता विचारला तर उत्तर देता येत नाही.

५. विमानतळावरून शहरात, आणि कार्डाची गोष्ट

भारतातून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे परदेशी व्यवहार आणि संपर्कविरहित (नुसतं कार्ड टेकवून होणारे) व्यवहार, दोन्ही चालू करा. ते आपोआप चालू नसतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं संपर्कविरहित कार्ड असेल, तर सिंगापूरची बस आणि मेट्रो थेट त्याच कार्डाने चालते, वेगळं तिकीट लागत नाही. परदेशी कार्डावर प्रवास केलेल्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट जादा लागतात, शिवाय आपल्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. पाच-सहा दिवस राहणार असाल किंवा कार्ड चालत नसेल, तर स्टेशनवर बस-मेट्रोचं ईझी-लिंक कार्ड घ्या. १० डॉलरमध्ये मिळतं, त्यात ५ डॉलर प्रवासाला वापरता येतात. पर्यटक पासच्या नादाला लागू नका. एका फेरीला सव्वा ते अडीच डॉलर लागतात, दिवसभर वणवण केली तरच पास वसूल होतो.

कार्डाचे तीन नियम पाठच करा. एक, प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. दोन, चढताना टेकवलं तसं बसमधून उतरतानाही टेकवा, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं. तीन, सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून, असं करू नका. यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात आणि बस बदलतानाची सवलत जाते. पाऊण तासाच्या आत गाडी बदलली तर भाडं नव्याने सुरू होत नाही, पुढे मोजलं जातं.

चांगी विमानतळाचं मेट्रो स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या मध्ये आहे. टर्मिनल ४ ला उतरलात तर फुकट शटल बस घ्या. लॅव्हेंडरला जायचं असेल, तर तनाह मेराहला हिरव्या मार्गिकेची गाडी पकडतात. लिटल इंडियाला जाणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. विमानतळाच्या पुढचंच स्टेशन एक्स्पो, तिथे निळी डाउनटाउन मार्गिका मिळते. तीच लिटल इंडिया स्टेशनला जाते, पण वाटेत चायनाटाउन, बेफ्रंट, बुगिस असा मोठा फेरा घालून. तुम्ही तेवढा वेळ बसून राहू नका. जालान बेसारला उतरा. तिथून लिटल इंडियाच्या गल्ल्या दहा-पंधरा मिनिटांवर आहेत.

मेट्रो रात्री साधारण अकरानंतर विमानतळावरून बंद होते आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते. मध्यरात्री पोचणारं विमान स्वस्त दिसलं तर टॅक्सीचे पैसे त्यात मिळवून बघा. दिवसा पोचलात आणि घाई नसेल, तर ३६ नंबरची बस घ्या. दुमजली असली तर वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. समुद्राकडेच्या वस्त्यांमधून ती तुम्हाला शहराच्या मध्यात आणते, शहर दाखवायला तिच्याइतकी स्वस्त सहल नाही.

रोख पैसे थोडे लागतातच. विमानतळावर फार बदलू नका. लिटल इंडियात मुस्तफा सेंटरच्या आसपास चलन बदलणाऱ्यांच्या खिडक्या ओळीने आहेत, तिथे भाव चांगला मिळतो.

६. जेवण

हॉकर सेंटर म्हणजे छपराखाली ओळीने लावलेले, सरकारी परवान्याचे, स्वच्छतेची तपासणी होणारे खाण्याचे स्टॉल. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांना सरकारने १९७० च्या दशकात या इमारतींत आणलं. २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पाच-सहा डॉलरमध्ये पोटभर जेवण इथेच मिळतं, आणि शेजारच्या टेबलावर टाय लावलेला बँकवाला आणि चपला घातलेले आजोबा बाजूबाजूला जेवत असतात.

पहिल्या दिवशी लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला जा. तळमजल्यावर एका बाजूला भाजी-मासळीचा बाजार, दुसऱ्या बाजूला स्टॉल. जेवायच्या वेळी टेबल मिळणं कठीण. रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचं छोटं पाकीट ठेवलेलं दिसेल. ती विसरलेली वस्तू नाही, कुणीतरी जागा धरली आहे. ती उचलू नका, दुसरं टेबल बघा, किंवा बसलेल्यांना विचारून रिकाम्या खुर्चीवर बसा, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तुम्हीही तसंच करा. आधी जागा धरा, मग रांगेत लागा. स्टॉलवाले टिश्यू देत नाहीत, त्यामुळे पाकीट जवळ असायलाच हवं. बरेच स्टॉल स्थानिक क्यूआरवर चालतात, पर्यटकाला तिथे रोख द्यावी लागते. दोन, पाच आणि दहाच्या नोटा वेगळ्या ठेवा. खाऊन झालं की ट्रे स्वतः उचलून ठरलेल्या कप्प्यात ठेवायचा. २०२१ पासून हे कायद्याने बंधनकारक आहे.

मांसाहारी माणसाला काही सांगायची गरज नाही. चिकन राइस, लक्सा, नासी लमाक, मी गोरेंग, रांग जिथे लांब तिथे उभं राहा. चायनाटाउन कॉम्प्लेक्स हे सगळ्यात मोठं हॉकर सेंटर, दोनशेच्या वर स्टॉल. तिथे भावही मॅक्सवेल किंवा न्यूटन या हॉकर सेंटरांपेक्षा जरा कमी असतात. न्यूटनला समुद्री खाणं मागवताना मात्र वजनाचा भाव आधी विचारा.

शाकाहारी असाल तर थोडी तयारी लागते. "भाजीच आहे" म्हणून दिलेल्या पदार्थात ऑयस्टर सॉस, सुकट किंवा डुकराची चरबी असू शकते. रोजाक नावाच्या फळांच्या सॅलडमध्येही कोळंबीची पेस्ट असते. काया टोस्टवरच्या जॅममध्ये अंडं असतं. रोटी पराठा, ज्याला तिथे प्राता म्हणतात, साधा दीड-दोन डॉलरला मिळतो आणि अगदी आपल्या चवीचा वाटतो, पण सोबतच्या वाटीत न विचारता माशाची करी येऊ शकते. मागतानाच "डाळ करी" सांगा. हमखास सुरक्षित जागा दोन प्रकारच्या. लिटल इंडियातली दाक्षिणात्य शाकाहारी उपाहारगृहं, जशी १९२४ पासूनचं आनंद भवन किंवा सेरांगून रस्त्यावरचं १९४७ पासूनचं कोमला विलास. आणि हॉकर सेंटरमधले चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल, ज्यांच्या पाटीवर इंग्रजीत शाकाहारी लिहिलेलं असतं. तिथे शेवया किंवा भात घ्यायचा आणि काचेमागच्या भाज्यांपैकी तीन बोटाने दाखवायच्या, तीन-चार डॉलरमध्ये जेवण होतं. मांसासारखे दिसणारे तुकडे सोयाबीन आणि गव्हाचे असतात, दचकू नका.

चहा-कॉफी मागायची भाषा पहिल्याच दिवशी शिकून घ्या, कारण फक्त "कॉफी" म्हटलं की घट्ट गोड कन्डेन्स्ड दूध घातलेली येते. "कोपी" म्हणजे तीच. "कोपी ओ" म्हणजे काळी, साखर घालून. "कोपी सी" म्हणजे एव्हापोरेटेड दूध आणि साखर. मागे "कोसोंग" जोडलं की साखर नाही. चहाला "ते". आल्याचा चहा हवा असेल तर "ते हालिया" म्हणा. दीड-दोन डॉलरमध्ये काम होतं, त्याच रस्त्यावरच्या एसी कॅफेत सात डॉलर लागतात.

मोठ्या उपाहारगृहात मेन्यूवर किमतीपुढे "++" अशी खूण दिसली, तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी चढतो. टिप द्यायची पद्धत नाही.

७. फुकटात बघण्यासारखं

इथे मी हात आखडता घेणार नाही, कारण सिंगापूरचं उत्तमातलं उत्तम खरोखर विनामूल्य आहे.

गार्डन्स बाय द बे. काचेचे घुमट तिकिटाचे आहेत, पण बाहेरची सगळी बाग आणि सुपरट्रीचं वन फुकट. रोज संध्याकाळी पावणेआठ आणि पावणेनऊला त्या उंच लोखंडी झाडांवर दिव्यांचा आणि संगीताचा खेळ होतो. देखभालीसाठी एखाद्या दिवशी बंद असतो, तेवढं तपासा. वरच्या पुलाचं तिकीट काढायची गरज नाही. झाडांच्या मधोमध जमिनीवर पाठ टेकून पडा. सगळे तेच करतात, आजीबाईसुद्धा. दिवे डोक्यावरून गाण्याच्या ठेक्यावर पळतात आणि मधल्या फटींतून आभाळ दिसतं. पावणेआठचा बघून चालत मरीना बेच्या काठाला या, नऊला तिथे पाण्याच्या कारंज्यांचा खेळ असतो, तोही फुकट.

वनस्पती उद्यान. १८५९ मध्ये सुरू झालेलं, २०१५ पासून जागतिक वारसा. पहाटे पाच ते मध्यरात्र उघडं. ऑर्किडच्या बागेचं तेवढं तिकीट आहे. मलायातल्या रबर शेतीचा पाया याच बागेत घातला गेला, हेन्री रिडली इथे संचालक असताना. सकाळी सातला जा, दहानंतर ऊन सोसत नाही.

सदर्न रिजेस. माउंट फेबरपासून केंट रिजपर्यंत टेकड्या जोडणारी सुमारे दहा किलोमीटरची पायवाट. वाटेतला हेंडरसन वेव्हज हा लाकडी लाटांसारखा पूल रस्त्यापासून ३६ मीटर उंच आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्याला चढ किरकोळ वाटेल, दमट हवा मात्र दमवते. पाणी भरून घ्या.

पुलाव उबिन. एक पूर्ण दिवस याला द्या, माझा आग्रह आहे. तनाह मेराहहून २ नंबरची बस चांगी व्हिलेजला नेते. तिथल्या धक्क्यावरून लाकडी बोटी सुटतात. वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की नावाडी हाक मारतो. माणशी चार डॉलर, रोख. दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही पत्र्याची छपरं, फणस-नारळाची झाडं आणि मातीचे रस्ते असलेल्या बेटावर असता, काचेच्या इमारती उभ्या राहण्याआधीचं सिंगापूर साधारण असं होतं. धक्क्याजवळ सायकली भाड्याने मिळतात. ब्रेक स्वतः दाबून बघा, मगच पैसे द्या. चेक जावाच्या खाजणातल्या लाकडी पुलावर ओहोटीच्या वेळी गेलात तर खेकडे आणि चिखलात उड्या मारणारे मासे दिसतात, आपल्या कोकणातल्या खाडीची आठवण येईल. माकडं आणि रानडुकरं आहेत, खाऊची पिशवी हातात मिरवू नका. अंधाराच्या आत परत निघा.

आझाद हिंदचा माग. हे चालणं मी भारतीय माणसाला मुद्दाम सांगते. सिटी हॉलसमोरच्या पाडांग मैदानाजवळ जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबूंनी आझाद हिंद फौजेसमोर "चलो दिल्ली"ची हाक दिली. मैदानाला लागून असलेल्या एस्प्लनेड पार्कमध्ये फौजेच्या स्मारकाची जागा दाखवणारा फलक आहे. मूळ स्मारक १९४५ मध्ये ब्रिटिशांनी परतल्यावर उडवून दिलं. तिथून चालत कॅथे इमारतीकडे जा, २१ ऑक्टोबर १९४३ ला आझाद हिंद सरकारची घोषणा तिथे झाली. मग वॉटर्लू स्ट्रीट. झाशीच्या राणीच्या नावाची बायकांची पलटण कॅप्टन लक्ष्मींच्या हाताखाली याच रस्त्यावरच्या छावणीत तयार होऊ लागली. आज तिथे कृष्णाचं मंदिर आणि क्वान यिन देवीचं चिनी मंदिर जवळजवळ आहेत. चिनी आजीबाई देवीच्या पाया पडून येतात आणि कृष्णापुढेही उदबत्ती लावून जातात. थोडा वेळ बाजूला उभं राहून बघाच.

याशिवाय चायनाटाउनमधलं बुद्धाच्या दाताचं मंदिर, १८२७ चं मरिअम्मन मंदिर आणि सुलतान मशीद, सगळीकडे प्रवेश फुकट, गुडघे-खांदे झाकलेले हवेत. सेंटोसा बेटावर हार्बरफ्रंटहून पादचारी पुलाने चालत गेलं तर प्रवेशाला पैसे नाहीत, आतल्या बसही फुकट.

गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या सुमारास जाणार असाल, तर महाराष्ट्र मंडळ सिंगापूरचे कार्यक्रम बघून ठेवा. दिवाळीत सेरांगून रस्त्यावरची रोषणाई तर जाता-येता दिसतेच.

८. पैसे कुठे मोजावेत

उंचावरून शहर बघायची हौस असेल, तर मरीना बे सँड्स हॉटेलच्या गच्चीऐवजी डक्स्टनची पिनॅकल इमारत गाठा. पन्नासाव्या मजल्यावरचा पूल आहे, सहा डॉलरच्या आसपास तिकीट, दिवसाला मोजकीच माणसं सोडतात. हे सरकारी घरकुल आहे, लोक तिथे राहतात, तेव्हा आवाज जपून. युनिव्हर्सल स्टुडिओ ८० डॉलरच्या वर जातं. लहान मुलं बरोबर नसतील तर त्या पैशांत आणखी एक दिवस राहता येईल. संग्रहालयांतल्या एकाचंच तिकीट काढायचं झालं तर नदीकाठचं एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम निवडा.

९. दंड वाचवा

मेट्रोत खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही, ५०० डॉलरपर्यंत दंड. दुरियन फळ घेऊन चढता येत नाही. क्रॉसिंग ५० मीटरच्या आत असेल तर मधूनच रस्ता ओलांडू नका. सार्वजनिक जागी रात्री साडेदहा ते सकाळी सात दारू पिता येत नाही, आणि लिटल इंडियात शनिवार-रविवारी निर्बंध आणखी कडक असतात. सिगारेट ठरवून दिलेल्या जागेतच. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहा, उजवी बाजू घाईत असलेल्यांची.

१०. निघताना

एकाच दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी केली असेल आणि घेताना पासपोर्ट दाखवला असेल, तर जीएसटी परत मिळतो. विमानतळावरच्या यंत्रावर सामान आत देण्याआधी नोंद करा, वस्तू दाखवायला सांगू शकतात. म्हणून नेहमीपेक्षा तासभर लवकर निघा. तो तास उरला तर विमानतळालगतच्या ज्वेल मॉलमध्ये घालवा. छपरातून ४० मीटर खाली कोसळणारा तिथला धबधबा इमारतीच्या आतला जगातला सर्वांत उंच, आणि बघायला बोर्डिंग पासही लागत नाही. सुरक्षा तपासणीनंतर पाण्याच्या तोट्या आहेत, रिकामी बाटली आत नेऊन भरून घ्या. ईझी-लिंक कार्ड फेकू नका. काही वर्षं चालतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही नाही तर ओळखीतलं कुणीतरी जाणारच आहे.